पाय बांधावा की मोकळा सोडावा?

बालमित्रांनो,

आठवीतल्या एका वाचकाने मोठा छान प्रश्न पाठवला आहे. तो लिहितो, ‘डोंगर उतरणाऱ्या सायकलपटूंचे बूट पायडलला अडकलेले असतात. मलाही तसे घ्यायचे आहेत. बाबा म्हणतात, पडशील. घेऊ की नको?’

प्रश्न पैशांचा आहे, तसाच हाडांचाही आहे. म्हणून नीट पाहू या.

घोडेस्वाराची रिकीब पाहिली आहे ना? स्वार तिच्यात फक्त चवडा ठेवतो, पूर्ण पाऊल घालत नाही. का बरं? घोडा उधळला आणि स्वार पडला, तर पाय सुटला पाहिजे! सायकलच्या पायडलचंही तसंच आहे. पाय टिकलाही पाहिजे आणि वेळेला सुटलाही पाहिजे.

पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पायडलवर पिंजरा आणि पट्टा असे. पट्टा आवळला की पाय पक्का, पण सोडवायला हात खाली न्यावा लागे. १९८४ साली फ्रान्सच्या ‘लुक’ कंपनीने नवं पायडल आणलं. ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांना बूट अडकवायची साधनं बनवत असे. तीच युक्ती तिने इथे वापरली. बुटाच्या तळाला एक पट्टी, पायडलमध्ये स्प्रिंग. दाबलं की ‘खट्’, पाय बसला! टाच बाहेर वळवली की सुटला! पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार्ड हिनॉल्टने ही पायडलं वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. १९९० मध्ये जपानच्या ‘शिमानो’ने डोंगरी सायकलींसाठी लहान पट्टी काढली. ती तळव्याच्या खाचेत बसते, त्यामुळे बूट घालून चालताही येतं. गंमत म्हणजे पाय अडकत असूनही या पायडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात. कारण जुना पिंजरा, म्हणजे ‘क्लिप’, त्यातून गेला ना!

दुसरा प्रकार सपाट पायडलचा. डोंगरी सायकलचं सपाट पायडल चांगलं रुंद असतं आणि त्यावर बारीक खिळे असतात. बुटाचं मऊ रबर त्यांत रुततं. पाय हवा तेव्हा उचला. मात्र निसटलात तर तेच खिळे नडगी सोलतात!

आता उताराकडे या. दगडाधोंड्यांतून सायकल उडते, तेव्हा पाय पायडलवरून उसळतो. अडकलेला पाय तिथे हलत नाही. चढावर पाय वर ओढूनही थोडा जोर लावता येतो. पण वळणावर चाक घसरलं, तर मोकळा पाय झटकन जमिनीला टेकतो. अडकलेल्याला आधी टाच वळवावी लागते. नवखा नेमकं तेच विसरतो आणि उभ्या सायकलवरून आडवा होतो. चिखल भरला, तर पट्टी बसायलाही कुरकुरते.

मग जगातले पट्टीचे खेळाडू काय करतात? दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार उताराच्या शर्यतीत चार वेळा विश्वविजेता झाला, तो अडकवलेल्या पायांनी. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २००६, २००७ आणि २०१० मध्ये विश्वविजेता झाला, तो सपाट पायडलवर! म्हणजे पायडल कुणाला जिंकून देत नाही, हे उघड आहे.

एक प्रयोग करा. सर्वांत खालच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवा, भिंत धरा, गुडघे जरा वाकवा. आधी टाचा उचला, मग खाली सोडा. पाय कधी घट्ट वाटला? टाचा खाली असताना ना? उतारावरही हेच करायचं. सीटवरून उठायचं, दोन्ही पायडलं सारख्या उंचीवर ठेवायची, टाचा खाली. अडकवलेल्या पायाला ही सवय लागायला वेळ लागतो, कारण चूक झाली तरी पट्टी सांभाळून घेते. मोकळा पाय मात्र चूक लगेच दाखवतो. तो कडक गुरुजींसारखा असतो!

म्हणून, आठवीतल्या मित्रा, तुझे बाबा तुला अडवत नाहीत, क्रम सांगताहेत. कैचीवरून दांडीवर, दांडीवरून सीटवर, असेच आपण शिकलो ना? आधी सपाट पायडल. त्यातून वाचलेल्या पैशांत हेल्मेट घे आणि झिजलेले ब्रेकचे रबर बदल. सायकल उडाली तरी पाय पायडलवरच राहू लागला, की अडकवायच्या पायडलचा विचार कर. तेव्हाही आधी स्प्रिंग सैल ठेव आणि गवतावर शंभरदा पाय सोडवून बघ.

आणि आपल्या मालेगावच्या मुलांनो, मेडशीच्या पुढचा पातूरचा घाट हा शिकण्याचा रस्ता नव्हे. तिथे ट्रक आणि एस.टी.ची वर्दळ असते. गावाबाहेरच्या माळावरचा छोटासा उतार पुरे. सोबत एखादं मोठं माणूस असू द्या.

प्रयोग केलात की कळवा. आणि हो, पुढच्या आठवड्यात ब्रेक! पुढचा आधी दाबावा की मागचा? विचार करून ठेवा.

तुमचे,
गुरुजी