पन्नाशीतली शस्त्रक्रिया आणि व्यायामाचा धीर

पित्ताशय काढलेले असो, हर्निया शिवलेला असो की गुडघा बदललेला असो, पन्नाशीच्या माणसाला भेटायला येणारे बहुतेक जण एकच सांगून जातात : ‘आता वय झालं, जपून राहा. धावपळ पुरे.’ त्यांच्यातलाच एखादा नेमके उलटे सांगतो : ‘टाके निघाले ना? मग उद्यापासून मैदानावर या. पडून राहिलात की संपलंच.’ पहिला सल्ला मायेपोटी येतो, दुसरा उत्साहापोटी. दोन्ही चुकीचे आहेत. त्यातही पहिला जास्त घातक, कारण त्याला सगळ्या घराचा पाठिंबा असतो.

विश्रांती जितकी जास्त तितके शरीर लवकर भरून येते, ही समजूत एकेकाळी डॉक्टरांचीही होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अपेंडिक्स काढल्यावरही रुग्णाला दिवसेंदिवस खाटेवरून उठू देत नसत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रुग्णांना लवकर चालवण्याची पद्धत पसरू लागली आणि पडून राहिल्याने होणारे त्रास तिने कमी झाले. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरही रुग्णाला लगेच उठवण्याची, खाऊ घालण्याची रीत बसवली. आज गुडघा बदललेल्या रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे करतात. रुग्णालय माणसाला चालता करून घरी पाठवते आणि घर त्याला पुन्हा पलंगावर बसवते.

या पलंगाची किंमत मोजणारा एक प्रयोग १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवले. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावरून माणसाचा दमसास मोजतात. तो तीन आठवड्यांत सुमारे २७ टक्क्यांनी खाली आला. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. वजन वाढले होते, अंगातल्या चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही तीस वर्षांच्या वयाने दमसासाचे जेवढे नुकसान केले, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी केलेले नुकसान मोठे होते. मग त्यांना चालणे, हलके धावणे, सायकल असा व्यायाम दिला. तो थोड्यापासून सुरू झाला आणि वाढत वाढत सहा महिन्यांत आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास पोचला. त्यांचा सरासरी दमसास विशीत, झोपवण्यापूर्वी जिथे होता, तिथे परत आला.

माणसे पाचच होती आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पण सगळा दोष वयावर टाकणाऱ्यांना हा प्रयोग गप्प करतो. शिवाय २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस झोपवले, तेव्हा त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस गेले. शस्त्रक्रियेनंतर जिना चढताना धाप लागते, मांडी थरथरते, ती अनेकदा या पडून राहण्यामुळे. डिंकाचे लाडू पौष्टिक खरे, पण गेलेला स्नायू नुसत्या लाडवांनी परत येत नाही. त्याला काम द्यावे लागते.

मग ‘उद्यापासून मैदानावर’ म्हणणाऱ्यांचे काय चुकते? ते दुखणे थांबले की जखम भरली असे धरून चालतात. टाके दहा-पंधरा दिवसांत निघतात, पण तीन आठवड्यांच्या जखमेची ताकद मूळ त्वचेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या जवळ जाते आणि पूर्वीइतकी कधीच होत नाही. बायपाससाठी कापलेले छातीचे हाड सांधायला सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात, म्हणूनच त्या काळात गॅसचा सिलिंडर उचलायला मनाई असते. गुडघ्यात बसवलेला नवा अस्थिबंध तर सुरुवातीच्या काही महिन्यांत आधी कमजोर होतो आणि मग बळावतो. नेमक्या त्याच सुमारास गुडघा दुखायचा थांबलेला असतो. या शस्त्रक्रियेनंतर खेळाकडे परतण्याचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे त्यात दिसले.

घाईचे आणि धीराचे, दोन्हींचे फळ रॉजर फेडररच्या एकाच वर्षात दिसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुडघ्यातल्या कूर्चेची शस्त्रक्रिया झाली आणि एप्रिलमध्ये तो स्पर्धेत उतरला. ते वर्ष रखडतच गेले. जुलैमध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी हरल्यावर त्याने उरलेला मोसम सोडला आणि सहा महिने शरीर नव्याने बांधले. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, तो ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. त्याआधीचे त्याचे ग्रँड स्लॅम विजेतेपद २०१२चे होते.

खेळाडूच्या दिमतीला फिजिओ असतो, सामान्यांना हे कसे परवडणार, असे कोणी विचारेल. घरातल्या घरात चालण्याला पैसा लागत नाही. रजा मात्र लागते आणि ती सगळ्यांना मिळत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ज्यांची मजुरी थांबली की चूल थांबते, त्यांना धीर धरा असे सांगणे क्रूरपणाचे आहे. त्यांना भरपगारी विश्रांती देणे हे मुकादमाचे, कारखान्याचे आणि सरकारचे काम आहे.

ज्यांना सवड आहे, त्यांनी तरी ती वाया घालवू नये. सुरुवात पलंगावरच होते : दीर्घ श्वास, घोट्यांची हालचाल, मांडीचा स्नायू आवळून सोडणे. मग घरात दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटे चालायचे. वेळ, वेग, चढ आणि वजन यांतले एका वेळी एकच वाढवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणे वाढलेले असेल, तर एक पायरी खाली यायचे. यात कसलीही हार नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार साठीच्या उंबरठ्यावर, १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातांत जबर जखमी झाले, तेव्हा आयुष्यभर केलेली आसने त्यांना नवशिक्यासारखी, साधनांच्या आधाराने पुन्हा साधावी लागली. त्याला वर्षे लागली आणि त्यांनी ती दिली. नव्वदीपर्यंत त्यांचा सराव चालू होता.

छातीत दुखणे, एकाएकी धाप, एकाच पोटरीला सूज, ताप किंवा जखमेतून स्राव यांपैकी काही दिसले, तर मात्र व्यायाम जागच्या जागी थांबवून डॉक्टर गाठायचा.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात, टाके काढायची तारीख असते आणि खाली बहुधा एक मोघम ओळ : ‘जड वजन उचलू नये.’ किती किलो म्हणजे जड, किती आठवडे, चालणे कधी वाढवायचे, जिना कधी, पोहणे कधी, हे रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने विचारलेच पाहिजे. रुग्णालय सोडण्यापूर्वी ही उत्तरे त्याच कार्डावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.