पुस्तकाच्या पाठीवरचा धर्म

गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात मी हमीद दलवाईंची ‘इंधन’ मागितली. कादंबऱ्यांच्या कपाटात ती नव्हती. ग्रंथपालांनी बराच शोध घेऊन ती ‘इस्लाम’ अशी चिठ्ठी लावलेल्या कप्प्यातून काढून दिली. शेजारी नमाजाची पद्धत सांगणारी पुस्तिका होती. कोकणातल्या गावाची कथा सांगणारी, १९६५ सालची ही मराठी कादंबरी धर्माच्या कप्प्यात कशी? “लेखक मुसलमान आहेत ना!” ग्रंथपाल सहज म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती. म्हणूनच हे लिहावेसे वाटले. खोट असती तर भांडता आले असते. सवयीशी भांडायचे कसे?

दोष ड्यूईच्या दशांश पद्धतीचा, असे कुणी म्हणेल. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली ती मांडली. तिच्यात पक्षपात आहेच. ख्रिस्ती धर्माला २२० ते २८९ एवढी ऐसपैस जागा, आणि जगातले बाकीचे सारे धर्म २९० च्या एका खोलीत कोंबलेले; इस्लामचा क्रमांक २९७. पण साहित्याची विभागणी हीच पद्धत भाषेवरून करते. मराठी साहित्य ८९१.४६. तिथे लेखकाचा धर्म कुणी विचारत नाही. मग तो विचारतो कोण? आपल्याकडची नजर!

या नजरेने पाहिले तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ संतसाहित्यातून उठवावा लागेल, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ वाजवणाऱ्या शाहीर अमर शेखांची कविताही. आमच्या भागात अनेक मुस्लिम घरांत हिंदी-उर्दू बोलली जाते. तरीही ज्याने मराठीत लिहिले, त्याचे घर मराठीच्याच कपाटात असले पाहिजे.

यावर एक प्रश्न आपल्यालाच ऐकावा लागतो. ‘मुस्लिम मराठी साहित्य’ हा फलक १९९० च्या सोलापूर संमेलनात तुम्हीच लावलात ना? होय, लावला. ज्याचा आवाज सभागृहात पोहोचत नव्हता, त्याने दारावर आपले नाव लिहिले. ती आमची निवड होती. पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा मात्र दुसराच कुणीतरी लावतो.

शिवाय उपाय साधा आहे. कपाटात पुस्तकाला एकच जागा असते. तालिकेत नोंदी हव्या तितक्या करता येतात. ‘इंधन’ कादंबऱ्यांतच ठेवावी, आणि ‘मुस्लिम समाजजीवन’ या विषयाखाली तिची दुसरी नोंद करावी. अभ्यासकाला ती सापडेल, साध्या वाचकालाही. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा नियम रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवला आहे.

कॉलेजातली एखादी मुलगी गोष्टीचे पुस्तक शोधायला धर्माच्या कप्प्याकडे कशाला जाईल? तिला ‘इंधन’ दिसणारच नाही. आपल्या शेजाऱ्याची गोष्ट तिच्यापासून एका चिठ्ठीने लपवली.

मित्रहो, आपापल्या गावच्या वाचनालयात एकदा जा. आपली पुस्तके कुठे बसवली आहेत, ते पाहा. चुकीच्या जागी असतील तर ग्रंथपालांना अदबीने सांगा. मी सांगितले. त्यांनी ‘इंधन’ कादंबऱ्यांत नेऊन ठेवली. दोन मिनिटांचे काम होते.