हिरव्या हॉटेलात आपला हिशेब कुठे?



सौदीत तांबड्या समुद्राच्या काठी, उमलुज आणि अल वज्ह यांच्या मधल्या पट्ट्यात तुमच्यापैकी कुणी शटरिंगला असेल, कुणी वायरिंगला, कुणी नव्याने उघडलेल्या हॉटेलात हाउसकीपिंगला. दुबई-मस्कतलाही तेच. जिथे नवं रिसॉर्ट उभं राहतंय तिथे पाटीवर एक शब्द हमखास दिसतो, 'सस्टेनेबल'. मराठीत त्याला शाश्वत पर्यटन म्हणतात. पाहुणे यावेत, पैसा यावा, पण समुद्राची, बेटांची आणि माणसांची वाट लागू नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. त्यातल्या 'माणसां'मध्ये आपल्याला धरलंय का, हे आज बघायचंय.

आधी योजना बघू. ती वाईट नाही, उलट बरीच चांगली आहे. रेड सी प्रकल्प २०१७ साली जाहीर झाला. मालकी सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीची, म्हणजे पीआयएफची. ९० हून जास्त बेटांपैकी २२ बेटांवर आणि आतल्या जमिनीवरच्या सहा जागी मिळून ५० हॉटेलं बांधायची, वर्षाला १० लाखांपेक्षा जास्त पाहुणे घ्यायचे नाहीत, वीज सूर्याची वापरायची, असं ठरलं. प्रवाळ मरू नये म्हणून आधी समुद्राचा अभ्यास केला आणि मग कुठे बांधायचं ते ठरवलं. आपल्या कोकणात बऱ्याच ठिकाणी हॉटेल आधी उभं राहतं आणि सांडपाणी कुठे सोडायचं ते नंतर सुचतं. तेव्हा नियोजनाला नावं ठेवायला जागा कमी.

आता पैसा. २०२१ मध्ये चार सौदी बँकांनी या कामासाठी १४ अब्ज रियालहून जास्त कर्ज दिलं. त्याला 'ग्रीन लोन' म्हणतात. असं कर्ज घेणाऱ्याला पैसा ठरलेल्या हिरव्या कामांवरच गेला, हे बँकेला वेळोवेळी दाखवावं लागतं. आणि जाहिरातीत विकला जातो तोही हाच शब्द. पाहुणा एका रात्रीचे जे मोजतो त्यात खोली आणि समुद्र आहेच, शिवाय 'आपण काही बिघडवत नाही' हे समाधानही आहे.

या सगळ्या हिशेबात एक कर्ज मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. ते म्हणजे तुमचं.

समजा, व्हिसासाठी एजंटला एक लाख दिले आणि ते गावात महिना तीन टक्क्यांनी उचलले. महिन्याला तीन हजार नुसतं व्याज. दोन वर्षांच्या करारात मुद्दल तसंच ठेवलं तर ७२ हजार व्याजातच गेले. माणूस आणण्याचा खर्च ज्या मालकाने करायचा तो तुम्ही केलात, आणि तोही सावकाराच्या दराने. म्हणजे हॉटेलाला बिनव्याजी भांडवल पुरवणारे पहिले गुंतवणूकदार तुम्हीच. फक्त तुमचं नाव कुठल्या अहवालात छापत नाहीत.

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. सौदी कामगार कायद्याचं कलम ४० सांगतं की भरतीचा खर्च, इकामा आणि वर्क परमिटची फी, त्याचं नूतनीकरण, उशीर झाल्यास दंड, एक्झिट-रीएंट्री व्हिसा आणि काम संपल्यावर परतीचं तिकीट हे सगळं मालकाचं. अमिरातीचा २०२१ चा कायदाही कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायला बंदी करतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं तत्त्वही तेच आहे. आणि आपल्या भारताचा नियम? नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घ्यायची मुभा! तिकडचा कायदा म्हणतो मालकाने द्यावं, इकडचा म्हणतो थोडं तुम्हीही द्या. ही फट दिल्लीने बुजवली पाहिजे असं आमचं स्पष्ट मत आहे. तोवर निदान एवढं करा: ३० हजारांच्या वर एक रुपया मागितला तर ते बेकायदा आहे हे समजून चला, आणि जे द्याल त्याची पावती घ्या. एजंट 'पावती नंतर देतो' म्हणाला तर उत्तर तिथेच मिळालं.

कुणी म्हणेल, पर्यटन आणि कामगारांचे हक्क हे दोन वेगळे विषय आहेत. तसं नाही. संयुक्त राष्ट्रांची २०३० पर्यंतची जी उद्दिष्टं आहेत, त्यात शाश्वत पर्यटनाचा क्रमांक ८.९. त्याच्या लगेच आधीचा, ८.८, कामगारांच्या हक्कांचा आणि सुरक्षित कामाच्या जागेचा आहे, आणि त्यात स्थलांतरित कामगार हे शब्द स्पष्ट लिहिलेत. दोन्ही एकाच पानावर. जाहिरात करणारे ८.९ वाचतात आणि वरची ओळ सोडतात, एवढंच.

हॉटेलांना हिरवं प्रमाणपत्र देण्यासाठी जीएसटीसी नावाच्या संस्थेचे जे निकष वापरतात, त्यातही जगण्यापुरतं वेतन आणि सुरक्षित काम ही अट आहे. पण गोम इथे आहे: तपासणीला माणसं येतात तेव्हा हॉटेल चालू झालेलं असतं. ते रिसेप्शनवाल्याला आणि आचाऱ्याला विचारतील. भर उन्हात स्लॅब टाकणारा गडी तोवर दुसऱ्या साइटवर किंवा घरी गेलेला असतो. शिवाय तो मुख्य कंपनीचा नसतोच. कंपनीचा ठेकेदार, त्याचा पोटठेकेदार आणि त्याला माणसं पुरवणारी सप्लाय कंपनी, अशा चौथ्या पायरीवर त्याचा पगार अडकतो. बँकेला विजेचा हिशेब दाखवायचा तर मग शेवटच्या पायरीवरचा पगार वेळेवर झाला का, हेही दाखवायला लावा, अशी मागणी व्हायला हवी. ती बँकांकडे, हॉटेलच्या मूळ ब्रँडकडे आणि पाहुणे पाठवणाऱ्या कंपन्यांकडे व्हायला हवी. कारण त्यांचा धंदा त्या एका शब्दावर चालतो, आणि तो शब्द खोटा ठरला तर नुकसान त्यांचं आहे.

तुम्ही स्वतः काय कराल? सौदीत काम बंद पाडायच्या भानगडीत पडू नका, आणि साइटवरून रील टाकून राग काढू नका. दोन्ही अंगाशी येतं. कागद जपा. कराराची प्रत, बँकेत पगार जमा झाल्याचे मेसेज आणि ओव्हरटाइमचे तास स्वतःच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम लावलं तर तेही लिहा. सौदीत ती बंदी आहे. अमिरातीत वेळ साडेबारा ते तीन. तक्रारीला सौदीच्या कामगार खात्याचा नंबर १९९११, भारत सरकारचं मदद पोर्टल, आणि अमिरातीत भारतीयांसाठी ८००४६३४२.

एक शेवटची गोष्ट, जराशी टोचणारी. तुमच्यातले कितीतरी जण इथली कमाई गावी होमस्टेत घालायचा विचार करतायत. चांगला विचार आहे. किनाऱ्याच्या २०१९ च्या नियमांत स्थानिकांना, कोळी बांधवांना, आहे त्या घराचा पाया आणि दर्शनी भाग न बदलता होमस्टे चालवायची सोय ठेवली आहे. मोठ्या कर्जाची गरज नाही. पण कोकणात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी माणसं येतात, तसाच एखादा उद्या तुमच्या होमस्टेच्या स्वयंपाकघरात असेल. त्याला इथे आणायला कुणी किती घेतले, हे पहिल्याच दिवशी विचारा.