रात्रीचे दूध आणि कचेरीचे घड्याळ

मूल सहा-सात महिन्यांचे झाले, त्याची उष्टावण आटोपली, की घरात एक प्रश्न हटकून निघतो : रात्रीचे दूध आता तोडावे की नाही? सल्ला देणाऱ्यांची उणीव नसते. सासूबाई म्हणतात, मूल मागेल तोवर पाजावे. शेजारीण म्हणते, एकदा सवय लागली की सुटणार नाही. डॉक्टर वजनाचा तक्ता पाहतात. घरधनी ‘सकाळी लवकर उठायचे आहे’ एवढे बोलून कूस बदलतो. जिला रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते तिचे मत बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. विषय घरगुती, बायकांचा, म्हणून वृत्तपत्राच्या या पानावर तो अनाठायी वाटेल. वस्तुतः हा वेळेचा, श्रमाचा आणि वेतनाचा प्रश्न आहे; आणि त्याचा निकाल आज मुलाचे पोट लावत नसून आईच्या कचेरीचे घड्याळ लावीत आहे.

पनवेललगतच्या करंजाडे वसाहतीचे उदाहरण घ्यावे. एके काळी हे लहानसे गाव. सिडकोने तेथे भूखंड पाडले, नवी मुंबई विमानतळासाठी ज्यांची गावे उठली त्यांपैकी काही कुटुंबांचे पुनर्वसन तेथे झाले आणि मुंबईत घर घेण्याची ऐपत नसलेला नोकरदार वर्ग इमारतींतून राहावयास आला. विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. वसाहत त्याच्या कितीतरी आधी भरू लागली होती. अशा वसाहतीत तरुण जोडपी अधिक, आणि आजी गावी. फोर्टमधील कचेरीत दहा वाजता हजेरी लावावयाची असेल तर तेथील स्त्रीला घर पावणेआठच्या सुमारास सोडावे लागते. आधी रिक्षा किंवा बस, मग पनवेलहून हार्बर मार्गाची लोकल. ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचावयास सुमारे एक तास वीस मिनिटे घेते. सहाला कचेरी सुटली तरी घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. म्हणजे बारा तास आई मुलापासून दूर. या बारा तासांत न मिळालेल्या दुधाची भरपाई मूल रात्री करून घेऊ लागते. दिवसा बाटलीतले चार घोट घेणारे मूल आई येताच बिलगते आणि पहाटेपर्यंत पुनःपुन्हा उठते. यालाच आपण ‘खोड’ म्हणतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर तो निव्वळ जमाखर्च आहे.

वैद्यकशास्त्र याविषयी काय सांगते, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि नंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही पुढे ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिल्या काही महिन्यांत रात्रीचे दूध तोडण्याचा विचारही करू नये. पान्हा टिकवून धरणारे संप्रेरक रात्रीच अधिक स्रवते, त्यामुळे रात्रीचे पाजणे थांबले की दिवसाचे दूधही आटू लागते. वर्षाच्या पुढचे, वजन नीट वाढणारे, दिवसभरात चार-पाच वेळा व्यवस्थित खाणारे मूल असेल, तर रात्रीच्या दुधावाचून त्याचे काही अडत नाही. खरा पेच आहे तो सहा महिने ते एक वर्ष या काळाचा. तेथे सर्व मुलांना लागू पडेल असा महिना किंवा तारीख कोणीही सांगू शकत नाही. मूल दिवसा किती आणि काय खाते, हे पाहूनच तो निर्णय घ्यावा लागतो.

आणि दिवसा मूल काय खाते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी अवघ्या ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता. ही केवळ गरिबांची कथा नव्हे. सुस्थितीतील घरांतही वरणाचे पाणी, भाताची पेज आणि बिस्किटाचा काला यांवर मुलाची बोळवण होते. वरणाच्या पाण्यात वरण नसते, पाणी असते. दाट वरण, तूप घातलेला मऊ भात, नाचणीचे सत्त्व, अंडे, कुस्करलेले केळे असा आहार घड्याळी नियमाने भरवणारे कोणी दिवसा घरी असेल, तरच रात्रीचा हिशेब बदलता येतो. नाही तर रात्रीचे दूध हेच त्या मुलाचे चोवीस तासांतले सर्वांत सकस अन्न ठरते, आणि ते तोडण्याचा सल्ला म्हणजे मुलाच्या ताटातला उरलासुरला घास काढून घेण्याचा सल्ला होय.

कायद्याकडे वळावे. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. त्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, बरोबर सहा महिने. यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. पण जी ती घेते तिच्या हाती बाळंतपणानंतर केवळ अठरा आठवडे उरतात. म्हणूनच कित्येक स्त्रिया दिवस भरत आले तरी लोकलच्या गर्दीत उभ्या दिसतात. त्या प्रसूतीनंतरचे आठवडे साठवीत असतात. रजा संपते नेमकी त्या दिवशी, ज्या दिवशी मुलाचे वरचे अन्न सुरू व्हावयाचे असते. उष्टावण आणि हजेरीपट एकाच आठवड्यात येतात, आणि रात्रीच्या दुधाचा प्रश्नही त्याच आठवड्यात उपस्थित होतो, हा योगायोग नव्हे.

कायद्याने आणखीही काही दिले आहे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामावरील आईला पाजण्यासाठी दिवसातून दोन विश्रांती मिळाव्यात. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला तेथे दिवसातून चार वेळा जाऊ द्यावे. कागदावर ही तरतूद उत्तमच आहे. परंतु करंजाड्यातून फोर्टपर्यंत लोकलच्या गर्दीतून सात महिन्यांचे मूल कोण नेणार? पाजण्याची विश्रांती मिळाली तरी मूल पन्नास किलोमीटरवर आहे. तेव्हा उरतो तो दूध काढून ठेवण्याचा मार्ग. त्यासाठी स्वच्छ, कडी लावता येईल अशी खोली आणि एक शीतकपाट लागते. आपल्याकडे कित्येक कचेऱ्यांत स्त्रियांना ते काम प्रसाधनगृहात उरकावे लागते. त्यापेक्षा दूध तोडलेले बरे, असे एखादीला वाटले तर तो तिचा दोष म्हणता येत नाही.

मुंबईच्या इतिहासात या प्रश्नाचे याहून भयंकर उत्तर नोंदलेले आहे. १९२० च्या दशकात गिरणीकामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन झोपवण्याची चाल सर्रास होती, असे त्या काळच्या सरकारी पाहणीतच आढळले. आई गिरणीत, मूल खोलीत. मुलाने रडू नये आणि आईने पाळी चुकवू नये, म्हणून गोळी. त्या माता निर्दय नव्हत्या. गिरणीच्या भोंग्यापुढे त्यांचे काही चालत नव्हते, इतकेच. याच परिस्थितीतून १९२९ चा मुंबई मातृत्व लाभ कायदा झाला. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आजही जुना झालेला नाही : मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा, पण जो मालक तिच्या श्रमावर नफा मिळवतो त्यालाही त्यातून पूर्ण मोकळीक असू नये. आज राज्य कामगार विमा योजनेतील स्त्रीला हा लाभ सामाईक निधीतून मिळतो. इतर बहुसंख्य खाजगी आस्थापनांत तो सारा एकट्या मालकाच्या माथी येतो, आणि मग तरुण विवाहित स्त्रीला नोकरीवर घेताना तो हात आखडता घेतो.

हे सारे राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात कोठे दिसते? कोठेच नाही. आपल्या स्वयंपाकिणीशी मालकाने लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा पिगू यांचा चमत्कारिक वाटणारा निष्कर्ष अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. दुधाच्या बाबतीत तो अधिकच बोचतो. आईने रात्री उठून पाजले तर देशाच्या उत्पन्नात एका पैशाचीही भर पडत नाही. तिने पाजणे थांबवून दुधाच्या पुडीचा डबा आणला की उत्पन्न वाढले, असे आकडे सांगतात. डब्याच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे हे खरे. तरी ‘डब्याचे दूध दिले की मूल सकाळपर्यंत झोपते’ हा समज बंदीला दाद न देता घरोघर फिरतो. सहा महिन्यांपुढील मुलांच्या बाबतीत त्याला भक्कम आधार नाही. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाचे दात मात्र किडतात, हे दंतवैद्य नित्य पाहतात.

सरकारने वेळेच्या वापराची पाहणी सुरू केली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. २०२४ च्या पाहणीत घरची बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला २८९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ८८, असे दिसले. मुलाबाळांच्या व आजाऱ्यांच्या देखभालीचे आकडे अनुक्रमे १३७ आणि ७५ मिनिटे आहेत. परंतु ही पाहणी दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून होते, आणि एका तुकड्यात अनेक कामे असतील तर निदान दहा मिनिटे चाललेलेच काम मोजले जाते. रात्री अडीच वाजता आठ मिनिटे पाजून, मुलाला खांद्यावर थोपटून पुन्हा आडवी झालेली स्त्री या हिशेबात झोपलेलीच असते.

एका गोष्टीचा उल्लेख घरातल्या या चर्चेत सहसा होत नाही, म्हणून येथे करावयास हवा. मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, ते केवळ अंगावर पीत असेल, आईची पाळी परत आली नसेल आणि दोन पाजण्यांतले अंतर दिवसा चार व रात्री सहा तासांहून अधिक जात नसेल, तर पुन्हा दिवस राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी हे निकष निश्चित केले. रात्रीचे दूध थांबले की हे नैसर्गिक संरक्षण जाते. ज्या घरात दूध तोडण्याचा निर्णय होतो त्या घरात दुसऱ्या साधनाचा विचारही त्याच रात्री व्हावा.

मग तोडावे केव्हा? मूल वर्षाचे झालेले असेल, वजनाची रेघ चढती असेल आणि आई थकली असेल, तर तिचे थकणे हे पुरेसे कारण आहे. त्यासाठी तिने कोणाची क्षमा मागण्याचे प्रयोजन नाही. कडुनिंबाचा रस लावून मुलाला एका रात्रीत फटकारण्यापेक्षा एकेक पाजणे कमी करीत दोन-तीन आठवडे घेणे बरे. त्या आठवड्यांत मुलाला उचलून थोपटण्याचे काम बापाने करावे. दुधाचा वास नसलेल्या खांद्यावर मूल लवकर समजूत घेते, आणि या कामाला पान्हा लागत नाही. ‘मूल रडत ठेवा, आपोआप शिकेल’ हा परदेशी सल्ला मुलाला वेगळी खोली असलेल्या घरांत जन्मला आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रडणारे मूल शेजारच्या तिघांना उठवते आणि आईला तीन दिवस टोमणे ऐकवते. मूल वर्षाच्या आतले असेल, वजन अडले असेल किंवा दिवसाच्या भरवण्याची खात्री नसेल, तर मात्र घाई करू नये. अशा वेळी कचेरीने वेळ सैल करावी, आठवड्यातून दोन दिवस घरून काम द्यावे. केंद्र सरकार आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा देते. ती मूल जन्मताच संपून जाते. तिच्यासारखीच थोडी रजा सातव्या महिन्यात ठेवली तर तिचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

हे झाले पगारी नोकरीविषयी. त्याच वसाहतीत चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री या साऱ्या कायद्याच्या बाहेर आहे. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळू शकतात. सहा महिन्यांच्या दिवसांनी भागले तर रोजचे सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. ती दीड-दोन महिन्यांतच कामावर परतते, आणि तिच्या घरी रात्रीचे दूध तोडण्याची चर्चा होत नाही, कारण दिवसाचे दूध आधीच तुटलेले असते. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची ‘पाळणा’ योजना केंद्र सरकारने आणली आहे. करंजाड्यासारख्या वसाहतीत ती आणावयाची तर पाळणाघराच्या वेळा सरकारी दिवसाच्या नव्हे, तर या स्त्रीच्या दिवसाच्या असाव्या लागतील : सकाळी सात वाजता, ती पहिल्या घरी भांड्यांना बसण्यापूर्वी दार उघडे असावे, आणि सायंकाळी शेवटच्या घरचा केर काढून ती परत येईपर्यंत ते बंद होऊ नये.