पदकानंतर काय?

मल्लखांबपटू सागर ओव्हळकर यांना २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा महाराष्ट्राच्या एका जुन्या विद्येचा गौरव झाला म्हणून समाधान व्यक्त झाले. ते योग्यच होते. परंतु अशा विजेत्यांच्या पुढील आयुष्याचा विचार आपण क्वचितच करतो.

कसरतपटूची कारकीर्द मुळातच अल्पायुषी. गवई साठीत रंगतो, वकील पन्नाशीत मुरतो. कसरतपटूचे खांदे आणि मनगटे मात्र तिशीच्या सुमारासच जाब विचारू लागतात. मग उरलेल्या आयुष्यात त्याने काय करावे?

राज्य शासनाने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पोटाची चिंता मिटविणारी ही तरतूद स्वागतार्ह आहे. कारकुनीला कमी लेखण्याचाही येथे हेतू नाही. परंतु ज्याने बालपणापासून शरीर तोलण्याची विद्या कमावली, त्याला केवळ जावक बारनिशीपुढे बसविले, तर नोकरी राहते आणि विद्या जाते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर भारताचा एकही पुरुष जिम्नॅस्ट ऑलिंपिकमध्ये उतरू शकलेला नाही. अनुभवी विजेते शिकविण्यापासून दुरावत राहिले, तर ही उणीव भरून कशी निघणार?

दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात बाळंभटदादा देवधरांनी निजामाकडील मल्लाला चीत केले, असे परंपरा सांगते. ती कुस्ती एका दिवसात संपली. मल्लखांब टिकला, तो त्यांनी शिष्य घडविले म्हणून. उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, ती मल्लखांबाचे प्रशिक्षक म्हणून.

आता धायरीकडे पाहा. २०१७ साली हे गाव पुणे महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, मुलांची संख्या वाढली. जिम्नॅस्टिक्सच्या सहा पुरुष प्रकारांना प्रशस्त सभागृह आणि महागडी साधने लागतात. मल्लखांबाचा प्रारंभ मात्र शाळेच्या आवारातही एक पुरलेला खांब, एक दोर आणि चार गाद्या यांवर होऊ शकतो. त्यासाठी हवा तो जाणता शिक्षक. कारण चुकीच्या पकडीने मूल जायबंदी होते.

म्हणून सरकारी सेवेतील पदकविजेत्यांना आठवड्यातून तीन सायंकाळी उपनगरांतील शाळांमध्ये शिकविण्याचे काम द्यावे आणि ते कार्यालयीन कर्तव्यच मानावे. यासाठी नवे खाते नको, मोठा निधीही नको. एक आदेश पुरेल. विजेत्याचा सत्कार करून आपण मोकळे होतो. त्याची विद्या धायरीतल्या मुलापर्यंत पोहोचली, तरच तो सत्कार सार्थ ठरेल.