संध्याकाळची चूल आणि बर्फाचा कप्पा

संध्याकाळचे सात वाजले आहेत. आई शाळेतून, कारखान्यातून अथवा शेतातून नुकतीच घरी परतली आहे. पायांवरची धूळ धुवून होते न होते तोच "जेवायला काय आहे?" हा प्रश्न तीन तोंडांतून एकदम बाहेर पडतो. पुढचा दीड तास ती चुलीपुढे असते. सर्वांची पाने वाढून होतात आणि ती स्वतः पानावर बसते तेव्हा बाकीची मंडळी हात धुवून उठलेली असतात. आमच्या वाचकांपैकी कोणास हे दृश्य अपरिचित असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता गावोगावी फ्रीज आले आहेत. परंतु त्यांतील बर्फाचा कप्पा उघडून पाहावा तर काय दिसते? बर्फाचे दोन साचे, आणि कोणी केव्हा ठेविली हे कोणासच ठाऊक नसलेली मासळीची एक पुरचुंडी!

आठवड्याचे सारे जेवण शिजवून गोठवून ठेवण्याची पद्धत पाश्चात्य घरांतून रूढ आहे. ती जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या स्वयंपाकात वेळ जातो तो शिजविण्यापेक्षा भाजण्यात, वाटण्यात आणि निवडण्यात. तेव्हा जेवण नव्हे, हे श्रम साठवावेत. कांदा, सुके खोबरे, धणे, आले, लसूण भाजून वाटावयास एका दिवसापुरते असो वा सहा दिवसांचे असो, खटाटोप जवळजवळ सारखाच पडतो. रविवारी दुपारी एकदाच वाटण करून त्याचे सहा वाटे करावेत. हरभरे, चवळी भिजवून उकडून तसेच ठेवावेत. मग कामाच्या दिवशी उसळ अर्ध्या तासात होते. मात्र रविवारचे हे काम पुन्हा एकट्या आईच्याच गळ्यात पडणार असेल तर काय साधले? लसूण सोलावयास आणि नारळ खवावयास बाबांना व थोरल्या मुलाला कोणती अडचण आहे, ते आम्हांस अद्याप कळलेले नाही.

वाटे लहान आणि चपटे असावेत, अंगठ्याच्या जाडीहून जाड नसावेत. अमेरिकेतील क्लॅरेन्स बर्ड्सआय हे १९१२ नंतर काही वर्षे लॅब्रडॉरच्या हिमप्रदेशात राहिले होते. तेथील इन्युइट लोकांची मासळी कडाक्याच्या थंडीत क्षणार्धात गोठे, आणि पुढे शिजविली तरी ताजी लागे, हे त्यांनी पाहिले. पदार्थ सावकाश गोठला की त्यातील पाण्याचे मोठे स्फटिक होतात व ते पदार्थाचे तंतू फोडतात. लवकर गोठला की स्फटिक बारीक राहतात. घरच्या कप्प्याला ती शीघ्रता नाही, म्हणून वाटाच पातळ करावा.

बटाट्याची भाजी गोठवू नये, ती भुसभुशीत होते. उकडलेले अंडे चिवट होते. नारळाचा रस घातलेली आमटी फाटते, म्हणून रस वाढण्यापूर्वी घालावा. गोव्याकडील सोरपोतेल मात्र शिरक्यामुळे मुळातच टिकाऊ. गोठवूनही त्याची चव राहते.

थंडीने जंतू मरत नाहीत, केवळ निजतात, हे विसरू नये. शिजलेला पदार्थ पसरट भांड्यांत काढून, ती गार पाण्याच्या परातीत ठेवून निववावा व दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये न्यावा. भाताविषयी अधिक जपावे. त्यातील काही जंतूंची बीजे शिजवूनही जिवंत राहतात. गोठलेला वाटा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवावा, ओट्यावर ठेवू नये. एकदा सुटलेला वाटा पुन्हा गोठवू नये. फ्रीजर उणे १८ अंशांवर असेल तर वाटण दोन महिने सहज राहते. एकदारी फ्रीजचा कप्पा पुष्कळदा इतका थंड होत नाही. तेथे आठवड्याचेच ठेवावे आणि प्रत्येक डब्यावर तारीख लिहावी.

राहता राहिली वीज. स्वतंत्र दाराचा गच्च भरलेला फ्रीजर न उघडल्यास सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. लहान कप्प्यावर एवढी भिस्त ठेवू नये. लग्नाकार्यासाठी चार दिवस परगावी जावयाचे असेल तर एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर काळजी नाही. ते वाटीच्या तळाशी जाऊन गोठलेले आढळले तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले, असे समजावे आणि हळहळ न करता कप्पा रिकामा करावा. नाणे तेवढे धुवून पुढच्या खेपेसाठी ठेवावे.