नवा लॅपटॉप घेण्याआधी



थँक्सगिव्हिंग जवळ आले, दुकानांची जाहिरातपत्रके येऊन पडू लागली, की इथल्या आपल्या घरांतून एक मागणी हमखास ऐकू येते: "बाबा, नवा गेमिंग लॅपटॉप हवा." कारण विचारले तर सांगतात, जुन्यावर गेम अडकतो, चित्र फाटते. यावर काही पालक म्हणतात, "नखरे आहेत सगळे." काही निमूटपणे क्रेडिट कार्ड काढतात. आमच्या मते दोघांचेही चुकते. मुलांची तक्रार बहुधा खरी असते, पण तिच्यावरचा इलाज पुष्कळदा घरात आधीच आलेला असतो. तो कोणी सुरू केलेला नसतो, इतकेच.

तक्रार खरी का, ते आधी पाहू. लॅपटॉपचा पडदा ठरलेल्या वेळेला चित्र बदलतो. 60 हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला 60 वेळा, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदांनी. गेमची चित्रे तयार करणारी ग्राफिक्स चिप मात्र या वेळापत्रकाला बांधलेली नसते. दृश्य साधे असले की चित्र लवकर होते, धुमश्चक्री सुरू झाली की उशीर होतो. पडदा अर्धा रंगवून झाला असताना नवे चित्र आले, तर वर जुने आणि खाली नवे दिसते. हेच ते फाटणे. यावर व्ही-सिंक नावाची जुनी सोय आहे. ती नवे चित्र पडद्याच्या वेळेपर्यंत थांबवून धरते. पण 16.7 ची वेळ जराशी हुकली, तर 33.3 मिलिसेकंदांपर्यंत जुनेच चित्र दिसत राहते. धापा टाकत दादर स्टेशनात शिरावे आणि लोकल डोळ्यांदेखत सुटावी, तसे. मुले 'अडकतो' म्हणतात ते हे.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये गाडीच प्रवाशासाठी थांबते. चित्र तयार झाले की पडदा ते दाखवतो, त्याआधी नाही. एनव्हिडियाने 2013 मध्ये जी-सिंक जाहीर केले, तेव्हा मॉनिटरमध्ये त्यासाठी खास भाग बसवावा लागे आणि किंमत चढे. 2014 मध्ये व्हेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा डिस्प्लेपोर्टच्या नियमांत समावेश केला आणि एएमडीचे फ्रीसिंक त्यावर उभे राहिले. जानेवारी 2019 पासून एनव्हिडियाच्या कार्डांवरही असे मॉनिटर चालू लागले. एके काळची चैन आज पुष्कळ मध्यम किमतीच्या लॅपटॉपांत आणि मॉनिटरांत असते.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी एवढे करून पाहावे.

1. लॅपटॉप चार्जरला जोडावा. बॅटरीवर ग्राफिक्स चिप हात आखडता घेते.

2. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असे जाऊन रिफ्रेश रेट पाहावा. 144 हर्ट्‌झचा पडदा 60 वर ठेवलेला असू शकतो.

3. एनव्हिडिया किंवा एएमडीचा जो प्रोग्राम असेल त्यात जी-सिंक किंवा फ्रीसिंक सुरू करावे. बाहेरचा मॉनिटर असेल तर त्याच्या स्वतःच्या मेनूतही ही सोय सुरू आहे का, ते पाहावे.

4. गेमची गती पडद्याच्या कमाल गतीच्या किंचित खाली बांधावी. 144 च्या पडद्यावर 140 च्या आसपास ठीक.

लॅपटॉपमध्ये एक मेख असते. पुष्कळ लॅपटॉपांत ग्राफिक्सच्या दोन चिपा असतात आणि पडदा जोडलेला असतो तो लहान, वीज वाचवणाऱ्या चिपेला. मग जी-सिंकचा पर्यायच दिसत नाही. काही लॅपटॉपांत मक्स स्विच नावाची सोय असते. तिने पडदा मोठ्या चिपेला जोडता येतो, मात्र बॅटरी लवकर उतरते. बाहेरच्या मॉनिटरसाठी एका पोर्टवर जमले नाही, तर दुसरे लावून पाहावे. दोन्ही पोर्ट एकाच चिपेला जोडलेले असतीलच असे नाही.

हा रामबाण उपाय आहे असा आमचा दावा नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकने चिपेची ताकद वाढत नाही. सेकंदाला 25 चित्रे काढणारी चिप 25 च काढणार. तिथे गेममधली चित्राची प्रत उतरवावी लागते. काही पडद्यांत ही सोय मुळातच नसते. अशा वेळी नवा लॅपटॉप घेणे योग्य ठरेलही, पण निदान दुकानात काय विचारायचे ते ठाऊक असेल.

काही वाचक म्हणतील, गेम सुरळीत चालू करून देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. आम्हांला हे पटत नाही. किती तास खेळायचे, हा घरच्या शिस्तीचा प्रश्न आहे आणि तो तसाच सोडवावा. चित्र फाटते म्हणून खुर्चीतून उठून अभ्यासाला बसलेले मूल आम्ही तरी पाहिलेले नाही.

यात वाचणारे हजार-दीड हजार डॉलर मोठेच आहेत. कॉलेजच्या फीसाठी ते जपून ठेवता येतील. पण आम्हांला त्याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. बारा-तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एखादी अडचण नेमकेपणाने सांगते आणि आपण "नखरे" म्हणून ती उडवून लावतो. असे चार वेळा झाले, की पाचवी अडचण आपल्या कानांवर येत नाही, आणि ती गेमचीच असेल असे नाही. उलट अर्धा तास शेजारी बसून "दाखव बरं, कुठे अडकतंय?" असे विचारले, तर त्या दिवशी मूल शिक्षक होते आणि आपण विद्यार्थी. फाटते, अडकते, सरकते, थांबते. या कामापुरते मराठी आपल्या मुलांना नक्कीच येते.

म्हणून आमचा आग्रह एवढाच: आधी सेटिंग्ज, मग सेल. हे वाचून ज्यांच्या घरी फरक पडेल त्यांनी, आणि ज्यांच्या घरी काहीच फरक पडणार नाही त्यांनीही, अवश्य लिहावे. पुढच्या अंकात जागा राखून ठेवत आहोत.